लायसन एकाचं, शिडी दुसऱ्याची

इलेक्ट्रिकचं दुकान असलं की वायरचे तुकडे आणि किस्से, दोन्ही न मागता जमतात. तुकडे भंगारवाला नेतो. किस्से कोणी नेत नाही, म्हणून सांगत बसतो.

पवनीतलं माझं दुकान म्हणजे गावातल्या वायरमनांचा सकाळचा अड्डा. चहा समोरच्या टपरीचा, पायरी माझी. त्यात कामाला वाघ एकच, रामदास मेश्राम. पण त्याच्याकडे लायसन नाही. लायसन आहे लांजेवारकाकांकडे. घराला नवीन मीटर हवं असेल तर वायरिंग तपासल्याचा टेस्ट रिपोर्ट लागतो आणि त्यावर लायसनवाल्या ठेकेदाराची सही. म्हणजे वायरिंग रामदासने करायची आणि ती बरोबर आहे अशी सही काकांनी भंडाऱ्यात बसून ठोकायची. घर बघायची गरजच काय! सगळीकडे असंच चालतं, म्हणून कोणाला काही वाटतही नाही.

*

एका उन्हाळ्यात काकांच्याच घरचा कूलर बंद पडला. रामदासला फोन. "लवकर ये बाप्पा, तुही काकू बोंबलून राह्यली!"

रामदास हातातलं काम टाकून भरउन्हात भंडाऱ्याला गेला. बघतो तर पिन बोर्डातून निसटलेली. त्याने ती खोचली, कूलर सुरू.

"काका, पिन त लावाची होती जी!"

"मले काय करंटचं काम जमते का बे?" काका म्हणाले.

हे बोलताना काका ज्या भिंतीला टेकले होते, तिच्यावर त्यांचं लायसन फ्रेम करून लावलेलं होतं. वर हार!

*

काका निदान स्वतःहून काही बिघडवत तरी नाहीत. गोसीखुर्दच्या धरणात ज्यांची गावं गेली, त्यांच्या एका वसाहतीत दुसऱ्याच एका मोठ्या लायसनवाल्या ठेकेदाराने वायरिंग केली होती. रिपोर्टात अर्थिंग उत्तम. तिथल्या एका म्हाताऱ्याच्या घरी फ्रिजला हात लावला की झटका बसायचा, म्हणून त्याने रामदासला बोलावलं.

"बाबाजी, अर्थिंग कोठी हाय?"

"होता ना, पाइप होता अंगणात. म्या बकरी बांधली होती त्याले. बकरी पाइप घेऊनच पळाली!"

पाइप वीतभरही आत नव्हता. पायरीवर हे ऐकून आम्ही पोट धरून हसलो. रामदास मात्र हसला नाही. त्याने तिथे नीट खोल खड्डा खणून, कोळसा-मीठ भरून नवा पाइप गाडला होता. ठेकेदाराचं लायसन अजून शाबूत आहे, बकरीचं दूधही.

*

अड्याळच्या एका रिटायर गुरुजींनी नवं घर बांधलं. त्यांचा हट्ट एकच, "मले लायसनवालाच माणूस पाह्यजे."

काका पांढरा शर्ट घालून गेले आणि खुर्चीवर बसले. शिडीवर रामदास. घरभरणीला काकांना शाल, नारळ. रामदास मांडवात जेवायला बसला होता, पहिला घास घेतला आणि पंखा थांबला.

काका खुर्चीतूनच ओरडले, "रामदास!"

तो हात झटकून उठला, पंखा सुरू करून आला, तोवर त्याची पत्रावळ कोणीतरी उचलून टाकली होती.

गुरुजी मात्र खूश. पाहुण्यांना सांगत होते, "पाहा, जागेवरून उठला नाही अन् काम झालं! लायसनवाला असा असते!"

*

आता तुम्ही म्हणाल, रामदास स्वतःच लायसन का काढत नाही? अहो, तेच तर त्याचं सगळं दुखणं. त्याचं आयटीआय झालेलं नाही. मग लायसनच्या परीक्षेला बसायचं तर लायसनवाल्या ठेकेदाराच्या हाताखाली काम केल्याचा दाखला हवा. तो कोण देणार? काका.

काका कधी नाही म्हणाले नाहीत. दिवाळी होऊ दे. धान निघू दे. काकूचं ऑपरेशन होऊ दे. असं करता करता रामदासचे केस पिकले. शेवटी एकदा माझ्या दुकानात काकांच्या तोंडून खरं निघालं.

"तुले दाखला देल्लो, त तू लायसन आणशीन. मंग मी कायची सही करू?"

मला तेव्हा काकांचा असा राग आला की चहासुद्धा विचारला नाही.

*

आणि हा किस्सा यंदाच्या उन्हाळ्यातला. जवळच्या एका गावात घरमालकाने उघड्या वायरने कूलर जोडला. त्याच्या आईला शॉक लागला. म्हातारी वाचली, पण हात भाजला. मालकाने तक्रार केली ती वायरिंगवाल्याची, म्हणजे रामदासची! चौकशीला विद्युत निरीक्षक साहेब आले. त्यांनी त्या घरी काकांना बोलावलं, रामदासला बोलावलं, आणि वायर माझ्या दुकानची म्हणून मलाही.

साहेबांनी टेस्ट रिपोर्ट काकांसमोर धरला. "सही तुमची. काम तुम्ही केलं?"

काकांना घाम फुटला. रामदासचा चेहरा तर राखेसारखा झाला. लायसनशिवाय काम म्हणजे केस, आणि एकदा केस झाली की परीक्षाही गेली आणि शिडीही गेली.

काका हात जोडून म्हणाले, "साहेब, म्या हे घर आजच पाह्यलो जी! म्या त कधी पक्कडही हातात धरली नाही. वीस वर्षं झाले, माह्या लायसनवर सारी वायरिंग हा रामदासच करते. घर म्हणू नका, दुकान म्हणू नका, राइस मिल म्हणू नका. सारं याचंच काम! माहं काईच नाही!"

"लिहून द्याल?"

"आत्ता देतो!"

काकांनी पानभर लिहिलं, खाली सही केली, आणि सवयीने शिक्काही मारला.

साहेबांनी तो कागद रामदासकडे सरकवला. "वाच. तुला यावर काही म्हणायचंय?"

रामदासने ओठ हलवत तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. मग कागद दोन्ही हातांनी साहेबांना परत दिला.

"म्हणाचं काई नाही जी. फक्त याची एक झेरॉक्स द्या."