ओल्या गोधडीचं दुसरं टोक

बारामतीत माझा फोटो स्टुडिओ आहे. दिवसभर लोकांना ‘हसा’ म्हणायचं, हा आपला धंदा. त्यामुळं कोऱ्हाळ्याला दिलेली माझी थोरली बहीण एकदा येऊन म्हणाली, की मला माझा दमलेला फोटो काढून दे, तेव्हा मी चक्रावलेच.

काम काय, ती कायमच करत आली. आता मनच दमलं होतं. डॉक्टरांनी रिपोर्ट चांगले असल्याचं सांगितलं. घरात बोलावं, तर दाजी म्हणायचे, जरा पड, बरं वाटंल. आपलं हे दमणं खरं आहे असं दाजींनी मानावं, एवढीच ताईची आस होती.

मला भलतीच उत्सुकता लागली. दमलेलं मन दिसतं तरी कसं? काळ्या पडद्यापुढं बसवलं, केस मोकळे सोडायला लावले, उजेड एकाच बाजूनं घेतला. छे! कॅमेरा रोखला की बाईसाहेब करवलीसारख्या खुलायच्या. कपाळाला हात लावून बसवलं, तर डोकेदुखीच्या गोळीची जाहिरात वाटायला लागली. दोघी पोट धरून हसलो. हसता हसता ती रडायला लागली आणि मी कॅमेरा बाजूला ठेवला.

नवरात्राआधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवायची आमच्याकडं रीत. त्या दिवशी तिनं मला कालव्यावर बोलावलं. ओली गोधडी एकटीला पिळवत नाही. दोघी दोन टोकं धरतात आणि उलट्या बाजूंनी पीळ देतात. मी चपला काढून पाण्यात उतरायला लागले, तर तिनं अडवलं.

“तू न्हाय. तू फोटो काढ.”

ती एकटीच पीळ देत राहिली. गोधडीचं दुसरं टोक पाण्यात नुसतं गरगरत होतं, पिळलं काहीच जाईना. या खेपेला ती हसायचं विसरली. मी फोटो काढला.

दुपारी चहाला बसलेल्या दाजींपुढं तिनं कॅमेरा ठेवला. त्यांनी तो उचलून फोटो निरखून बघितला.

“दुसऱ्या टोकाला कोण हाय?”

“कोण न्हाय,” ताई म्हणाली. “म्हणून तर काढाय लावला.”

चहा तसाच राहिला. दाजी अंगणात गेले, दोरीवरची ठिबकणारी गोधडी उतरवली आणि एक टोक धरून ताईकडं बघत उभे राहिले.

ताई लगेच उठली नाही. त्यांना तसंच थोडा वेळ धरून उभं राहू दिलं तिनं.