बाजाराचा विडा

बाजाराचा ठेका बाबांनी इरेला पेटून घेतला. यात सरकारचा दोष नव्हता. सरकारने फक्त लिलाव पुकारला होता.

स्वराज्य येऊन सात-आठ वर्षं झाली होती. आमच्या गावच्या आठवडी बाजारात दुकान मांडणाऱ्यांकडून कर घ्यायचा हक्क सरकार दरसाल चावडीवर लिलावात द्यायचं. जो बोली जिंकेल त्याने ती रक्कम सरकारात भरायची आणि मग वर्षभर बाजारातून वसूल करत बसायचं. जिंकणाऱ्याच्या हातात तिथेच विडा ठेवत. एकदा घेतला की माघार नाही. बाबा नुसते पाहायला गेले होते. पण तिथे त्यांचा चुलतभाऊ बोली चढवत होता आणि या दोघांचा शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, जुना वाद. त्याने आकडा म्हटला की बाबा पुढचा म्हणत. शेवटी चुलतभाऊ गप्प बसला आणि मिशीत हसला. बाबा विडा घेऊन घरी आले. आईने दोन दिवस त्यांच्याशी बोलणं टाकलं.

मी त्याच साली मॅट्रिक झालो होतो. अकोल्याला मास्तरकीच्या ट्रेनिंगला माझं नाव लागलं होतं. पण ठेकेदाराने प्रत्येकाला पावती द्यायची अशी सरकारी अट होती आणि आमच्या घरात लिहिता येणारा मी एकटा. बाबा म्हणाले, "एक सालच तं हाय. मंग जाय." ट्रेनिंगवाल्यांनीही एकच साल जागा राखतो, पुढे नाही, असं कळवलं.

मग मी दर आठवड्याला बाजाराच्या तोंडाशीच लिंबाखाली बसू लागलो. कोंडवाड्यातल्या गुराला दावं तरी दिसतं, मला तेही दिसत नव्हतं. ज्यांच्या घरी लहानपणी जेवलो ते लोक मला पाहून वाट बदलत. इंझोरीकडून भाजी घेऊन येणारी एक म्हातारी तर दर वेळी भांडण काढी.

"टोपलं माह्यं, वांगे माहे. तुले कायले देऊ?"

"मले नाही, सरकारले."

"मंग सरकार काय करते त्या पैशाचं?"

"रस्ते करते, शाळा करते, दवाखाना करते."

तिने चिखलात रुतलेले आपले पाय पाहिले. "कुठी?" म्हणाली.

मला राग आला. तरी पावती फाडून दिली.

एक गोष्ट मात्र मी केली नाही. करावर वरून प्रत्येक टोपल्यातला मूठभर जिन्नस उचलायचा, ही ठेकेदाराची जुनी रीत. आधीच्या ठेकेदारांची घरं त्या मुठीवरच चालत. मला लाज वाटायची, म्हणून मी मूठ मारली नाही. बाबा चिडायचे. म्हणायचे, "शेंडी तुटो की पारंबी, तुहा आपला हट्ट कायम." साल संपलं तेव्हा भरलेली रक्कम कशीबशी निघाली होती. मी ट्रंक भरून ठेवली.

पुन्हा लिलाव आला. आमचे हाल साऱ्या गावाने पाहिले होते, त्यामुळे कोणी तोंड उघडेना. चुलतभाऊसुद्धा छताकडे पाहत होता. लिलाव घेणारा सरकारी साहेब म्हणाला, कोणी घेतलं नाही तर या गावचा बाजार बंद, लोकांनी शेलूबाजारला जावं. चावडीबाहेर बाया उभ्या होत्या. तेवढ्या लांब टोपलं डोक्यावर घेऊन कोण जाणार?

मग तीच म्हातारी पायरीवर चढली. बाबांना म्हणाली, "तुमीच घ्या ना पाटील. तुमचं पोट्टं मूठ मारत नाही."

मागच्या बायाही "हो, हो" म्हणू लागल्या. वर्षभर माझ्या नावाने बोटं मोडणाऱ्या त्याच बाया. मला ओरडावंसं वाटलं की माझी ट्रंक भरलेली आहे. बाबांनी या खेपेला माझ्याकडे पाहिलं आणि नजर हलवेनात. मी नाही म्हटलं असतं तर ते उठून घरी आले असते, हे मला पक्कं माहीत होतं.

मी काहीच बोललो नाही. बाबांनी आकडा सांगितला. त्यावर कोणी बोली चढवली नाही. साहेबाने विडा पुढे केला तेव्हा बाबा म्हणाले, "त्याले द्या."

सगळे पाहत होते. मी तो घेतला आणि तिथेच खाल्ला.