दाजींना हवी सगळ्या कोर्टाची रॅकेट

एका जागी स्वस्थ बसणं ज्यांना जन्मात जमलं नाही अशा माणसांची कुणी यादी केलीच, तर आमच्या दाजींचं नाव पहिलं येईल, आणि यादी पुरी व्हायच्या आत ते तिथूनही उठून गेलेले असतील. दाजी म्हणजे माझ्या आक्काचे यजमान. बेळगावच्या वडगावात पिढ्यान्‌पिढ्या मागावर साड्या विणणारं घर. मच्छेच्या बाजूला पॅडेलचं, म्हणजे टेनिससारख्याच पण जोडीनं खेळायच्या खेळाचं, काचेच्या भिंतींचं कोर्ट झालं तेव्हा आम्ही दोघेही पन्नाशीला टेकलेलो, पण वर्षभरात आमची जोडी अशी जमली की बेळगावातले तरणे खेळाडूही आम्हाला टरकून असत. मग माझा उजवा गुडघा बिघडला. डोक्यावरून मागे गेलेला चेंडू मला आणता येईना. नेमकं तेव्हाच खासबागच्या एका चपळ गड्यानं दाजींना पुढच्या स्पर्धेसाठी जोडीला बोलावलं, आणि दाजी नवी रॅकेट शोधायला लागले. आपली जोडी मोडली, असं मी मनाशी धरूनच चाललो.

पॅडेलच्या रॅकेटला तारा नसतात. आत फोम आणि वर कार्बनच्या धाग्यांचं कापड. कापड म्हटल्यावर दाजींना दुसरं काय हवं? दुकानात त्यांनी खिशातून सूत मोजायचं भिंग काढलं, अर्धा तास वीण तपासली आणि तोंड वाकडं करून म्हणाले, "ह्येचा काठ सरळ न्हाय." दुकानदारानं हात जोडले, "आण्णा, ही मारायची हाय, नेसायची न्हवं!" शेवटी सगळ्यात घट्ट विणीची तीच उत्तम, असा मागावरचा न्याय लावून एक घेतली. ती इतकी कडक निघाली की पुढचे आठ दिवस दाजी चहाचा कप डाव्या हातानं उचलत होते. मग चिकोडीत कुणाच्या तरी जावयानं दुबईहून रॅकेट आणल्याचं कळलं, तर ती दहा मिनिटं हातात धरायला हे एसटीनं दोनदा जाऊन आले. निपाणीच्या एका लग्नात वाढप्याच्या हातातला आमटीचा डाव घेऊन त्यांनी भर पंगतीत बॅकहँड मारून पाहिला. आमटी नवरीच्या मामांच्या टोपीवर गेली. आक्का तर टेकीला आली होती. म्हणाली, "देवाला उदबत्ती बी फोरहँडनं ओवाळत्यात रं!"

मला मात्र हसू येत नव्हतं. दाजींची जुनी रॅकेट हिऱ्याच्या आकाराची, स्मॅशसाठी, म्हणजे डोक्यावरून जोरात हाणायच्या फटक्यासाठी नामी. ती बाजूला ठेवून त्यांना मारणारीही आणि सांभाळणारीही, सगळ्या कोर्टाला पुरी पडणारी हवी होती. "त्या खासबागच्यासंगं खेळणार काय?" असं मी एकदा धीर करून विचारलं. "थांबा हो पावणं, आधी तोल बघू दे," म्हणत ते मुठीला रेशमाचा धागा गुंडाळत राहिले. मला राग आला. खरं सांगायचं तर वाईट वाटलं.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी सकाळी ते थेंबाच्या आकाराची नवी रॅकेट घेऊन माझ्या दारात उभे. मी कुरकुरत म्हटलं, "हिनं तुमचा स्मॅश निम्मा झाला की."

"होऊ दे. तुमच्या डोक्यावरनं गेलेला चेंडू स्मॅशनं परत येतोय व्हय? तुमी नेटजवळ हुबं ऱ्हावा. मागचं दोन्ही कोपरं मी बघतो."

"आणि त्यो खासबागचा?"

"त्येनं इचारलं त्याच दिवशी त्येला न्हाय म्हणून सांगितलंय. तुमाला सांगायचं ऱ्हायलं."

दुसऱ्या फेरीतच आम्ही हरलो. पण सबंध सामनाभर माझ्या पाठीमागे या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात धावणाऱ्या बुटांची करकर ऐकू येत होती, आणि माझे डोळे भरून येत होते. अजून आम्ही दर रविवारी सकाळी खेळतो. परवा मात्र कोर्टाची पायरी उतरताना दाजींनी हळूच कठडा धरला. मी पाहिलं हे त्यांना कळू नये म्हणून मी बुटाची नाडी पुन्हा बांधत बसलो.