लेकीकडचा हिवाळा

आई पहिल्यांदाच दोह्याला आली आणि आठवडा व्हायच्या आत परतीच्या तिकिटाचं विचारू लागली. लेकीच्या घरी फार दिवस राहू नये, हे तिचं ठाम मत. मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. वेस्ट बेमधल्या एका कंपनीत इंजिनिअर आहे, बिन महमूद भागातला हा फ्लॅट माझ्या पगारावर चालतो. हे मी कुणालाही मान वर करून सांगते, तिलाही सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि बॅग काही उघडली नाही.

खालच्या मजल्यावर माझी ऑफिसातली फ्रेंच मैत्रीण राहते. तिची आई आली होती, जर्मनीच्या सीमेवरच्या एका लहानशा गावातून. शुक्रवारी मी दोघींना जेवायला बोलावलं.

आईने कुळथाचं पिठलं आणि तांदळाची भाकरी केली. मैत्रिणीच्या आईने, आम्ही त्यांना आजीच म्हणतो, भाकरीच्या तुकड्याने ताट लख्ख पुसून खाल्लं. आमच्याकडे ताट रिकामं दिसलं की वाढायचं. आईने वाढलं, आजींनी पुसलं, आईने परत वाढलं. आजी लालबुंद झाल्या, तेव्हा कुठे मैत्रिणीने सांगितलं, की त्यांच्या गावात ताटात काही ठेवणं म्हणजे रांधणारीचा अपमान.

आईने कपाळाला हात लावला. "अगो बाय, मारलीच असती मी हिला."

मग गप्पा रंगल्या. आम्ही मुली दुभाषी. आजींच्या गावाला नदी आहे, पलीकडे जर्मनी. आजी पूल ओलांडून तिकडे भाजीला जातात. पासपोर्ट लागत नाही, हे आईला पटेना. आम्हीपण होडीने खाडीपलीकडे बाजाराला जायचो, ती म्हणाली, पण पलीकडेही रत्नागिरीच.

थोड्या वेळाने तिने हळूच विचारायला लावलं, "ही लेकीकडेच उतरते?"

दर हिवाळ्यात, आजी म्हणाल्या. गावात थंडी फार. "आमच्या छपरांवरचे करकोचेसुद्धा तेव्हा उबेला जातात. मीच का मागे राहू?"

"आणि लोक काय म्हणतात?"

"म्हणतात, नशीबवान आहे."

आई सोलकढीची वाटी हातात धरून बसली.

त्या गेल्यावर भांडी विसळताना म्हणाली, की सोमवारी आजींना घावन खायला बोलावलंय. कुठल्या भाषेत, देव जाणे. मी तिकिटाचा विषय काढला.

"थंडी सरू दे," ती म्हणाली.

रत्नागिरीत कसली आलीय थंडी? पण मी पुढचं ताट पुसायला घेतलं.