टाकी काठोकाठ भरली तेव्हा

पन्नाशीच्या माणसाने नवी कंपनी काढू नये असं ज्यांना वाटतं, त्यांनी आमची कंपनी पाहिलेली नाही. पाहिली असती तर त्यांची खात्रीच पटली असती.

आम्ही तिघं होतो. एक इंजिनिअर, पुण्याची नोकरी सोडून चिमूरला परतलेला, चहात साखरसुद्धा मोजून घालणारा. दुसऱ्या एक बाई, जवळच्या गावातल्या मासेमार बायकांच्या गटाच्या अध्यक्ष. आणि तिसरा मी. तरुणपणी झाडीपट्टीच्या नाटकांत मी खलनायक रंगवले होते, तेव्हापासून दुसऱ्याचं वाक्य पूर्ण होऊ द्यायची सवय गेली ती गेलीच. गावतलावातली मरळ मासळी जिवंत चंद्रपुरात पोचवायची, हा आमचा धंदा.

सुरुवातीलाच इंजिनिअरने लॅपटॉपवर एक स्वभावचाचणी आणली. स्वभाव ओळखायचे आणि त्याप्रमाणे कामं वाटायची. चाचणी इंग्रजीत, म्हणून बाईंना प्रश्न मी समजावून सांगत होतो.

"बैठकीत तुमचं मत कोणाला पटलं नाही, तर तुम्ही काय करता?"

बाईंनी विचार केला. "कोनाले पटलं नाई, त्याच्यावर हाय जी. येखाद्याले समजावून सांगा लागते, येखाद्याले..."

एवढं लांब उत्तर चौकटीत बसणार नव्हतं. मी 'गप्प राहते' वर बोट दाबलं. पुढचे प्रश्नही असेच सोडवले. निकाल आला. मी 'प्रेरणा देणारा नेता', इंजिनिअर 'योजनाकार', बाई 'शांत, सहकार्य करणारी'. तेव्हा टाकी इंजिनिअरकडे, मासे आणणं बाईंकडे आणि बोलणं सगळं माझ्याकडे. इतका न्याय्य निकाल मी आयुष्यात पाहिला नव्हता.

पहिली खेप ठरली. चंद्रपूरच्या एका हॉटेलमालकाला साठ मरळ हव्या होत्या, हलत्याफिरत्या. पसंत पडल्या तर आठवड्यातून दोनदा घेणार होता. गटातल्या बायका आजवर सगळा माल एका ठेकेदाराला देत. बाईंनी त्यांच्याशी भांडून ही एक खेप आमच्यासाठी मागून घेतली होती. त्या सकाळी तलावाच्या पाळीवर त्यांनी मला बाजूला बोलावलं.

"भाऊ, हे मासे मेले त तलाव परत ठेकेदाराच्याच हातात जाते. अन् गटात मले कोनी इचारनार नाई, सांगून ठेवतो."

मी छातीवर हात ठेवून वचन दिलं. फार सुंदर दिलं.

इंजिनिअरची निळी टाकी पिकअपवर चढवली होती. झाकणाला रबर, आत नळी, बॅटरीवर चालणारा हवेचा पंप. दोन महिने तो त्या टाकीमागे होता. रस्त्यात पाणी डचमळून मासे आपटू नयेत म्हणून त्याने ती काठोकाठ भरली. बाई म्हणाल्या, "थोडी खाली ठेवा जी, मरळ हाय..."

"बाई, टाकीचं खातं इंजिनिअरसाहेबांचं!" मी दोन्ही हात पसरून म्हणालो. पाळीवरचे सगळे हसले. झाकण आवळलं गेलं.

इंजिनिअर गाडी चालवत होता, मी शेजारी, बाई मागे ओल्या पोत्यांवर बसलेल्या. वरोऱ्याच्या रस्त्याला लागलो तशी मागून धडधड ऐकू येऊ लागली. मासे आतून झाकणाला धडका देत होते.

"ताकद बघ!" मी म्हणालो. "मालक खूश होणार."

बाईंनी केबिनची काच वाजवली. मी वळून अंगठा दाखवला. त्यांनी पुन्हा वाजवली, जोरात. काहीतरी ओरडत होत्या, वाऱ्यात काही कळेना. मी दोन्ही अंगठे दाखवले.

मग मागची धडधड कमी झाली. इंजिनिअर म्हणाला, "शांत झाले." त्याने ते ज्या आवाजात म्हटलं, तो मला आवडला नाही. आणखी थोडं पुढे गेलो तर आवाज बंदच. तेवढ्यात टपावरून बाईंची एक चप्पल येऊन समोरच्या काचेवर आदळली.

गाडी थांबेपर्यंत बाई झाकणाशी झटत होत्या. "उघडा आधी!"

झाकण निघालं. वर पांढरी पोटं तरंगत होती. इंजिनिअर पंपाकडे बघत म्हणाला, "पंप तर चालू आहे. ऑक्सिजन मिळतोय."

"मरळ हाय ते, रोहू नाई! वर येऊन तोंडानं हवा घेते. जागाच नाई ठेवली तुमी. पान्यात बुडवून मारलं माशाले!"

"मग सकाळी सांगायचं ना," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. रस्त्याच्या कडेला उभं राहून इतका वेळ कोणी माझ्याकडे पाहिलेलं नव्हतं.

"पोत्यात भरा," त्या इंजिनिअरला म्हणाल्या. "ओल्या पोत्यात चांगली ऱ्हायते चंद्रपूरवरी. जाळ्यातून गाडीवरी तशीच आनली होती."

म्हणजे टाकीची गरजच नव्हती. त्याने एकदा टाकीवरून हात फिरवला आणि खालची तोटी स्वतः उघडली. दोन महिन्यांचं पाणी डांबरावर वाहून गेलं. आम्ही एकेक मासा उचलून पोत्यांत ठेवत होतो. काही शेपटी मारत, काही फक्त तोंड उघडत. नऊ हललेच नाहीत.

चंद्रपूरला हॉटेलच्या मागच्या दारी पोचलो. माझी बुद्धी पुन्हा तरतरीत झाली होती. "मेलेल्या तळाशी घालू, वर जिवंत. बोलायचं मी बघतो."

"तुमी गाडीतच बसा, भाऊ," बाई म्हणाल्या.

मी बसलो. ते दोघं पोती घेऊन उतरले. काचेतून सगळं दिसत होतं, ऐकू येत नव्हतं. बाईंनी आधी नऊ मेलेल्या काढून फरशीवर ओळीने मांडल्या. मालकाचा चेहरा उतरला. त्याने हाताने नको-नको केलं. मी दाराच्या खटक्यावर हात ठेवला, काढला. बाई बोलत होत्या, घाई न करता, एका बोटाने माशाच्या तोंडाकडे दाखवत. इंजिनिअर मध्येच स्वतःच्या छातीवर बोट ठेवून काहीतरी म्हणाला. मग त्यांनी पोतं मोठ्या टपात उलटं केलं आणि पाणी उसळून मालकाच्या पॅंटवर उडालं.

ते परतायला फार वेळ लागला. बाई यावेळी पुढे बसल्या, मला मधोमध सरकावं लागलं.

"एक्कावन घेतले. मंगळवारी आखीन एक खेप बघतो म्हने. मंग ठरवन."

मी तोंड उघडलं. इंजिनिअरने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

बाईंनी गावी फोन लावला. पलीकडे गटातल्या बायका जमल्या होत्या, सगळ्यांचा आवाज एकदम येत होता.

"नऊ मेले," बाई म्हणाल्या. "आमचीच चूक. मले आधी माहीत होतं अन् मी जोर नाई केला."

पलीकडचा गलका थांबला. मी फोनकडे वाकलो आणि पुन्हा मागे टेकलो. शेवटी एका म्हातारीचा आवाज आला, "मंग सोमवारी जाळं टाकाचं का ठेकेदाराले फोन कराचा?"

बाईंनी आमच्या दोघांकडे पाहिलं. आधी त्याच्याकडे, मग बराच वेळ माझ्याकडे.

"टाका," त्या म्हणाल्या. "टाकी नाई आनत आमी. पोते भिजवून ठेवजा."