मावशींचं आमेन

ठाण्यातल्या एका चर्चच्या ऑफिसात मी काही वर्षं नोकरी केली. नेमणुका, रजा, तक्रारी, म्हणजे माणसांचं सगळं माझ्याकडे होतं. मी तालुक्याच्या गावात शिकलो, मिशनच्या बोर्डिंगात जेवलो आणि घरातला पहिला पदवीधर झालो. त्या ताटाची जाण मला अजून आहे. म्हणूनच हे लिहिताना जास्त किळस येते.

आमच्याकडे कुणी कुणाला तोंडावर काही सांगत नसे. सांगायचं ते प्रार्थनेत. दर सोमवारी कामाआधी सगळा स्टाफ गोल करून बसायचा, डोळे मिटायचा आणि पाळकसाहेब सुरू करायचे. ड्रायव्हर उशिरा आला असेल, तर आमच्यातल्या काहींना वेळेची किंमत कळू दे. क्लार्क बाईंनी रजा मागितली असेल, तर सेवेचा कंटाळा आमच्यापासून दूर ठेव. ज्याच्यावर बोलणं असायचं, त्याचं आमेन सगळ्यांत मोठं.

चर्च झाडणाऱ्या मावशी आवारातल्या मागच्या खोलीत राहायच्या. नवरा गेल्यापासून एकट्याच. गुडघा धरायचा, त्यामुळे काम जरा मंदावलं होतं. खजिनदारांना ती खोली पुतण्यासाठी हवी होती, हे मावशी सोडून सगळ्यांना माहीत होतं. एका सोमवारी पाळकसाहेब म्हणाले, "प्रभू, तुझ्या या दासीनं पुष्कळ श्रम केले. आता तिला मुलाच्या घरी विश्रांती दे." मावशींना भरून आलं. त्या मोठ्यानं आमेन म्हणाल्या.

दुपारी साहेबांनी मला बोलावलं. मावशींच्या जागी दुसरं माणूस बघा, खोली महिनाअखेर मोकळी करून घ्या, म्हणाले. त्यांना कुणी सांगितलंय का, मी विचारलं.

"अहो, सगळ्यांसमोर झालं की. त्या स्वतः आमेन म्हणाल्या."

ते कुणाच्या तरी बाप्तिस्म्याचा केक खात होते. बोटाला लागलेलं क्रीम चाटून त्यांनी पुढच्या कामाचं काढलं. क्रीमचा केक मी अजून खाऊ शकत नाही.

मागच्या खोलीपाशी मावशी वेदीवरची कापडं धूत होत्या. मी सांगितलं.

"म्हणजे मला काढलं?"

"हो, मावशी."

त्या कापड पिळत राहिल्या. मुलाचं शहाडला एकाच खोलीत बिऱ्हाड, तिथे आपलं अंथरूण दारात पडणार, म्हणाल्या. मग कापड झटकून दोरीवर टाकत, "मला वाटलं, साहेबांनी माझ्या गुडघ्यासाठी मागितलं."

पुढच्या सोमवारी प्रार्थना सुरू व्हायच्या आत त्या भिंतीला धरून उभ्या राहिल्या.

"गेल्या सोमवारचं माझं आमेन मी मागं घेते. काढायचं असेल तर डोळे उघडे ठेवून सांगा."

ड्रायव्हर हसू दाबायला खोकला. खजिनदार पंख्याकडे बघत होते. पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. माणसांचं सगळं माझ्याकडेच होतं ना. मी म्हणालो, "साहेब, हे मी नाही सांगणार. ज्यांनी ठरवलंय, त्यांनी सांगावं."

त्यांनी शांतपणे डोळे मिटले आणि कठीण झालेली अंतःकरणं मऊ कर, अशी प्रार्थना केली. सगळ्यांच्या माना खाली गेल्या. मी डोळे मिटले नाहीत, त्यामुळे ते चेहरे मला नीट दिसले. तृप्त, तुकतुकीत, जेवून उठल्यासारखे. समोर मावशींचेही डोळे उघडे होते.

त्यानंतर दर सोमवारी प्रार्थनेत कुणातरी गर्विष्ठ, उपकार विसरलेल्या माणसाचा विषय येऊ लागला. शेवटी मी नोकरी सोडली. आता नौपाड्यात एका दवाखान्याचं ऑफिस सांभाळतो. तिथले डॉक्टर तोंडावर ओरडतात. बरं वाटतं.

ती महिनाअखेर आली आणि गेली. मावशी अजून त्याच खोलीत राहतात, कारण डोळे उघडे ठेवून त्यांना ते एक वाक्य सांगणारा माणूस त्या चर्चमध्ये अजून निघालेला नाही.