सिस्टरांची उभी गाडी

सिस्टर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण वॉर्ड काही त्यांच्या अंगातून गेला नव्हता. साधी दुधाची पिशवी कापायची तरी त्या आधी कोपरापर्यंत हात धुवायच्या. बिल्डिंगमध्ये कुणाचं बाळ रडायचं थांबेना झालं की लोक डॉक्टरच्या आधी त्यांचं दार वाजवत. सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. नवराही थट्टेने तीच हाक मारायचा आणि ती इतकी अंगवळणी पडली की थट्टा कधी संपली ते दोघांनाही कळलं नाही. 'आई' म्हणणारी माणसं जगात दोनच होती, मुलगा आणि नवी आलेली सून.

सून शाळेत चित्रकला शिकवायची. लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी तिने खिडकीतून खाली पाहिलं, तर सासूबाई बाह्या सरसावून एका गाडीला ढकलत होत्या. गाडी जेमतेम वीतभर सरकली. सासूबाईंनी चाकाला वीट लावली, हात झटकले आणि गाडीच्या टपावर हलकेच एक थाप मारली.

सून धावत खाली गेली. "आई, बंद पडलीये का?"

"बंद कशाला पडेल? कूस बदलली तिची."

सुनेला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. सिस्टरांनी मग तिला समजावलं. झोपून असलेल्या माणसाची कूस वेळच्या वेळी बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. टायरचंही तसंच. एकाच जागी भार पडत राहिला की तिथे ते चपटे होतात. हँडब्रेक ओढून ठेवला तर चिकटून बसतो, म्हणून वीट. वायपर काचेला चिकटतात, म्हणून ते वर उचलून ठेवलेले. पेट्रोलची टाकी भरलेली, कारण रिकाम्या टाकीत ओल धरते. बॉनेट उघडून उंदरांनी काही कुरतडलंय का ते बघायचं. गाडीवरचं कापड सकाळी काढून तिला वारा द्यायचा, आणि संध्याकाळी ती कोरडी असल्याची खात्री करूनच पुन्हा पांघरूण घालायचं. सून आ वासून ऐकत राहिली. गंमत म्हणजे सिस्टरांना गाडी चालवता येत नव्हती. जन्मभर त्या बाजूच्या सीटवर बसल्या होत्या.

चालवायचे ते बाबा. गाडी म्हणजे त्यांचा जीव की प्राण. मुलाने कॉलेजात असताना ती एकदा खांबाला घासली, तेव्हा बाबा त्याच्याशी आठवडाभर बोलले नव्हते, आणि मुलाने त्यानंतर स्टिअरिंगला हात लावला नव्हता. लग्नाच्या काही महिने आधी बाबांना अर्धांगाचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचाही गेली. तोंडात एकच शब्द शिल्लक राहिला, 'नको'. चहा? नको. खुर्चीत बसायचं? नको. सिस्टर रोज सकाळी त्यांच्या उजव्या तळहातात रबरी चेंडू ठेवून म्हणायच्या, "दाबा." बाबा म्हणायचे, "नको," आणि चेंडू घरंगळत पलंगाखाली जायचा. सिस्टर वाकून तो उचलायच्या आणि पुन्हा ठेवायच्या. त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलायची नाही. सुनेला ते बघवत नसे.

दर रविवारी शेजारचे बसवाले काका यायचे. ते शाळेची बस चालवत आणि बाबांचे जुने दोस्त होते. ते गाडी काढायचे, सिस्टर बाजूला बसायच्या, आणि गाडी लांबच्या सरळ रस्त्यावर चांगली गरम होईपर्यंत फिरून यायची. बाबांचा पलंग पार्किंगवरच्या खिडकीशी होता. गाडी जाताना आणि येताना ते डोळे मिटून ऐकायचे. त्यांच्या मनात काय चालायचं ते देव जाणे.

मुलाला हे सगळं पटत नव्हतं. तो औषधांच्या दुकानात होता आणि रोज तऱ्हेतऱ्हेच्या आजाऱ्यांचे नातेवाईक पाहून त्याच्या आशा जरा लवकरच आटायच्या. एक दिवस त्याने विषय काढलाच.

"आई, एक जण गाडी घ्यायला तयार आहे. चांगला माणूस आहे. बाबा आता ती चालवणार आहेत का?"

"का नाही?"

"डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंस ना?"

"ऐकलं की. पेशंट उठत नाही म्हणून त्याच्या चपला फेकून देतं का रे कुणी?"

मुलगा दुकानात निघून गेला. नंतर गाडीच्या काचा पुसताना सिस्टर सुनेला एवढंच म्हणाल्या, "उद्या हात परत आला आणि गाडीच नसली, तर म्हणतील, आता कशाला आला हा हात?" सुनेला कळलं, ही बाई गाडी सांभाळत नव्हतीच. नवऱ्याला परत यायला एक जागा राखून बसली होती.

तेवढ्यात सिस्टरांच्या थोरल्या बहिणीचं ऑपरेशन ठरलं आणि त्यांना महिनाभर तिच्याकडे जावं लागलं. निघताना त्यांनी घराचा चार्ज दिला. बाबांच्या तीन पाळ्या लावल्या. सकाळी मुलगा, दुपारी तो दुकानात गेला की सून शाळेतून येईपर्यंत बसवाले काका, आणि पुढे सून. गाडीची कूस बदलायची, वारा द्यायचा, रविवारी काकांनी फिरवायची. "एरवी किल्लीला हात लावायचा नाही," त्या म्हणाल्या. मग मुलाकडे वळून म्हणाल्या, "मी आल्यावर ती पहिल्या झटक्यात सुरू झाली नाही, तर वीक खुशाल. एक शब्द बोलणार नाही."

सिस्टर गेल्या आणि बाबांनी तोंड भिंतीकडे केलं. जेवणाचे दोन घास जेमतेम. त्यात काकांच्या बसला दर रविवारी सहली लागल्या आणि गाडीची फेरी राहूनच गेली. घर कसं सुन्न झालं.

एका संध्याकाळी सून गाडीवर पांघरूण घालायला खाली गेली आणि तिला राहवलं नाही. बाबांना आवाज तरी ऐकू दे, म्हणून तिने गाडी सुरू केली. वर पाहते तर काय, खिडकीच्या गजांवर बाबांचा हात दाणदाण आपटत होता! तिने घाईघाईने गाडी बंद केली आणि जिने चढून वर आली. बाबा दमून पडले होते, चेहरा लालबुंद. सिस्टर गेल्यापासून त्यांच्या तोंडावर एवढा जीव तिने पाहिला नव्हता. इतका आनंद! दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा सुरू केली. हात पुन्हा आपटला, आदल्या दिवसापेक्षा जोरात. आज्ञा मोडली होती, म्हणून ती कुणाला काही बोलली नाही.

सिस्टर परत आल्या. पिशवी दारात ठेवून आधी बाबांची पाठ तपासली, मग किल्ली घेऊन खाली गेल्या. मागोमाग मुलगा, सून आणि काका. सिस्टरांनी किल्ली फिरवली.

टक्.

पुन्हा फिरवली. टक्. बाकी सगळी शांतता.

सिस्टर गाडीतून उतरल्या. "शब्द म्हणजे शब्द," त्या मुलाला म्हणाल्या. "बोलव तुझ्या माणसाला."

"आई, नका ना!" सुनेला रडू फुटलं. "माझी चूक आहे. मी रोज संध्याकाळी सुरू करत होते. दोनच मिनिटं. बाबांना ऐकू जावी म्हणून."

मुलगा बायकोकडे बघतच राहिला. "तू? अगं, सकाळी मी करत होतो!"

बसवाले काका खाकरले. खाली बघत म्हणाले, "दुपारी... म्हणजे, मी पण."

सिस्टरांनी कपाळावर हात मारला. "अरे, सुरू व्हायला तिच्या बॅटरीचं जेवढं रक्त जातं, ते दोन मिनिटांत भरून येतं का? तिघांनी मिळून रोज तीनदा काढलंत. आणि काका, तुम्ही? जन्म गेला तुमचा बसमध्ये!"

"कळत होतं हो," काका म्हणाले. "पण दोस्ताचा हात खिडकीत दिसला की माझी अक्कल गहाण पडायची. इतका खूश व्हायचा!"

"खूश?" सिस्टर म्हणाल्या. "उभ्या गाडीचं इंजिन उगाच चालू-बंद केलेलं त्यांना कधी खपलंय? शिव्या घालत होते ते तुम्हाला. तोंडाने येत नाही, म्हणून गज बडवत होते!"

मुलाला हसू आलं, मग सुनेलाही. आणि हसता हसता तिला दिसलं की सिस्टर हसत नाहीयेत. त्या मान वर करून खिडकीकडे बघत होत्या आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"कुठल्या हाताने?" त्यांनी विचारलं.

कुणालाच सांगता येईना. खालून फक्त हात दिसायचा, मनगटापासून पुढे. सून पोरांना रोज हात काढायला शिकवायची, अंगठा कुठे येतो ते फळ्यावर दाखवायची, आणि तिला हे आठवत नव्हतं.

"खिडकी त्यांच्या उजव्या अंगाला आहे," सिस्टर हळू आवाजात म्हणाल्या. "मीच तसा लावलाय पलंग. गेलेल्या बाजूकडून उजेड आला, आवाज आला, तर माणूस कधीतरी तिकडे वळतो. डावा हात तिथवर पोचतच नाही."

सुनेच्या अंगावर सर्रकन काटा आला. औषधांनी, चेंडूने, मनधरणीने जे झालं नव्हतं, ते तिघांच्या खुळेपणावर संतापून बाबांनी केलं होतं. रोज तीनदा केलं होतं आणि प्रत्येक वेळी त्यांच्याजवळ एक चिटपाखरूही नव्हतं. सून भारावून त्या खिडकीकडे बघत राहिली. सिस्टर तोवर जिन्याशी पोचल्याही होत्या.

वर गेल्यावर त्यांनी बाबांना काही विचारलं नाही. रडल्याही नाहीत. फक्त कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "बॅटरी बसली. तिघांनी बसवली." बाबांच्या कपाळावरची शीर तट्ट फुगली आणि उजव्या हाताची बोटं चादरीवर आवळली गेली. अर्धवटच, पण आवळली गेली.

काकांनी बॅटरी काढून नेली आणि भरून आणली. मग एका सकाळी मुलाने आणि काकांनी बाबांना खुर्चीसकट खाली आणलं. सिस्टरांनी बाजूच्या सीटकडे बोट दाखवलं. बाबा म्हणाले, "नको." त्यांनी हनुवटीने स्टिअरिंगकडे खूण केली. त्यांना तिथे बसवताना सगळ्यांना घाम फुटला. बाजूच्या सीटवर नेहमीप्रमाणे सिस्टर बसल्या. किल्ली त्यांनी आधीच लावून ठेवली होती.

बाबांचा उजवा हात मांडीवरून उठला. थरथरत, वाट चुकत, दोनदा खाली पडत तो किल्लीपर्यंत गेला. मुलगा पुढे झाला, तर सिस्टरांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो जागीच थिजला. बोटं किल्लीवर बसली. किल्ली थोडी फिरली. समोरचे लाल-पिवळे दिवे लागले आणि बाबांचा चेहरा त्यांत उजळला. पुढच्या अर्ध्या फेरीला जोर पुरेना. हात तिथेच थरथरत राहिला, मग खाली आला. इंजिन सुरू झालं नाही.

आता बाबा खचणार, 'नको' म्हणणार, असं सुनेला वाटलं.

बाबा बराच वेळ दिव्यांकडे बघत राहिले. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. मग ते बायकोकडे वळून, एकेक अक्षर सुटं करत म्हणाले, "उ... द्या."

"बरं," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी किल्ली काढून घेतली, दार उघडलं, आणि गाडीला टेकून पहिल्यांदाच सगळ्यांदेखत ओक्साबोक्शी रडल्या.